फ्लेक्सवरच्या मॅडम

दिंद्रुडच्या बाजारात फ्लेक्सवर फोटो लागायचा तर माणूस एक तर पुढारी असावा लागतो, नाही तर पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा तरी असावा लागतो. यातलं काहीच जमलं नाही तर मग मरावं लागतं. ताराबाई गडदे यांनी यातलं काहीही केलेलं नव्हतं. तरीही सिद्धाराम अप्पांच्या कापड दुकानाशेजारी, वर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी त्यांचा फोटो कित्येक महिने लटकत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शांतादेवी शिवण प्रशिक्षण वर्ग. प्रशिक्षिका : सौ. ताराबाई बंकट गडदे.'

फोटो काढताना स्टुडिओतल्या माणसाने "मावशी, डोळे झाकू नका" एवढंच सांगितलं होतं. ताराबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की अंगावर ट्रक येतोय आणि पळायला जागा नाही, अशा त्या फोटोत बघत होत्या. पण त्यांना तो फोटो फार आवडला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं बरंच काही त्या आवडण्यातून घडलं.

खरं म्हणजे वर कसला वर्ग नव्हता. जिना चढून गेलं की पत्र्याची एक लांबलचक खोली लागायची. दोन्ही भिंतींना लागून शिलाई मशीनी, मधे कापड कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री, आणि पायात चिंध्यांचा ढीग. तिथे परकर शिवले जायचे. लाल, हिरवे, मोरपंखी, चिंतामणी. गठ्ठे बांधून ते माजलगावच्या, पाटोद्याच्या, परळीच्या बाजारात जायचे. पाटोद्याच्या बाजारात एखादी बाई घासाघीस करून परकर घेते, तेव्हा तो कुणी शिवला हे ती विचारत नाही, आणि विचारलं तरी विकणाऱ्याला सांगता येत नाही.

या बायका कामाला होत्या का? अप्पांना विचारलं तर ते कानांवर हात ठेवायचे. "कामाला कुठं? घरच्याच हायेत समद्या. येतेत, शिवतेत, जातेत." त्यात तसं खोटंही नव्हतं. हजेरी नव्हती, सुट्टी नव्हती, कुठे नाव नव्हतं. जितके डझन तितके पैसे. सुई मोडली तर ती बाईची, वीज गेली तर वेळ वाया गेला तो बाईचा, आणि बाई आजारी पडली तर तिच्या मशीनवर दुसरी. दिवाळीला मात्र अप्पा प्रत्येकीला साडी द्यायचे. ती साडी नेसून बायका भाऊबीजेला माहेरी जायच्या आणि "आमच्या अप्पांनी घेतली" असं चार बायकांत मुद्दाम सांगायच्या. नात्यातलं काही मिळालं, की हक्काचं मागायची जीभ होत नाही. अप्पांना हे कळत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते खरंच घरचं वाटत असावं.

ताराबाई जन्मल्या मेंढपाळाच्या घरात आणि दिल्याही मेंढपाळाच्याच घरात. लग्नानंतरची वर्षं घोड्याच्या पाठीवर संसार लादून बंकटरावांच्या मागे हिंडण्यात गेली. आज या शिवारात, उद्या त्या. लेक शाळेच्या वयाची झाली तेव्हा मात्र त्यांनी पाय रोवले. "मेंढरं तुमी हिंडवा, पोरगी मी एका जागी शिकवणार," असं म्हणून त्या दिंद्रुडला राहिल्या आणि सिद्धाराम अप्पांच्या घरी धान्य निवडायला, अंगण सारवायला जाऊ लागल्या. अप्पांच्या बायकोचं नाव शांतादेवी. सगळे त्यांना शांताक्का म्हणायचे. त्यांच्या ओसरीवर शिलाई मशीन होती.

एकदा शांताक्का देवपूजेला बसल्या असताना ताराबाईंनी हळूच मशीनचं चाक फिरवून पाहिलं. आवाज आत गेला आणि त्या पकडल्या गेल्या. आता हाकलतील म्हणून त्या उठल्या, तर शांताक्का दारातूनच म्हणाल्या, "उठू नको, तारे. बस. चालव." दुसऱ्याच्या घरात ताराबाईंना कुणी खाली नव्हे, वर बसायला सांगितलं असेल तर ते पहिल्यांदा. पुढे अप्पांनी वरची खोली सुरू केली तेव्हा पहिल्या मशीनवर ताराबाई बसल्या. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनीच शेजारी घेऊन शिकवलं. नाडीची पट्टी कशी दुमडायची, कळ्या कशा जोडायच्या, घाईत घेर कुठे पळतो. शिकवायचे वेगळे पैसे नव्हते. उलट तेवढ्या वेळात त्यांचेच परकर कमी व्हायचे. लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं. मधल्या काळात शांताक्का वारल्या. त्या घराविषयी ताराबाईंच्या मनात जे होतं, ते शांताक्का गेल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांना कुणकुण लागली, की बीडहून कामगारांकडे बघणारे साहेब येणार आहेत. अप्पा धापा टाकत जिना चढून आले. कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली.

"ऐका गं समद्या," ते म्हणाले. "साहेबानं इचारलं तर सांगायचं, हितं शिवणक्लास हाय. तुमी शिकायल्यात. आन ह्या ताराबाई तुमच्या मॅडम."

खोलीत हशा पिकला. छबुबाई म्हणून एक जुनी, तोंडाने फटकळ बाई होती. ती म्हणाली, "अप्पा, लई वरसं झाली की मला शिकायला लागून. निकाल कवा लावता?"

"हसण्यावारी नेऊ नका," अप्पा म्हणाले. "साहेबानं कुलूप लावलं तर माझं दुकान हाय खाली. तुमी कुठं जाताल?" हसू तिथेच थांबलं. मग ते ताराबाईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "अक्का असती तर मॅडम तीच झाली असती. आता तुझ्याबिगर कोण हाय?"

झालं. शांताक्कांचं नाव निघाल्यावर ताराबाई नाही कशाला म्हणतात? त्यांनी त्याच दुपारी बायकांची उजळणी घेतली. "काय करायलात?" "शिकायलोत." "कवापासनं?" "तीन मैने झाले." जी अडखळली तिला पुन्हा विचारलं. परकर शिकवताना त्यांनी कधी हयगय केली नव्हती, खोटं शिकवतानाही केली नाही.

साहेब आले. शांत, सडपातळ माणूस. त्यांच्यासाठी अप्पांनी खुर्ची ठेवली होती. साहेबांनी ती ताराबाईंकडे सरकवली आणि म्हणाले, "आधी तुम्ही बसा, मॅडम." ताराबाई बसल्या. साहेब उभे, आणि त्या खुर्चीवर. "आतापर्यंत किती मुली तयार केल्यात?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ताराबाईंनी न अडखळता उत्तर दिलं, आणि गंमत म्हणजे ते उत्तर खरं होतं. साहेब म्हणाले, "छान काम करताय." जन्मभर त्यांना लोकांनी मेंढरावाली म्हटलं, अगं तारे म्हटलं, बरं बोलले तर मावशी म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना त्या आपली गल्ली सोडून पुढे निघून गेल्या आणि परत फिरल्या.

खोटं पक्कं व्हावं म्हणून मग अप्पांनी फ्लेक्स लावला. बायका आधी चेष्टेने आणि पुढे सवयीने मॅडम म्हणू लागल्या. तयार माल बघायचं काम ताराबाईंकडे आलं, ती खुर्चीही तिथेच राहिली. पगार वाढला का म्हणाल, तर पगार असता तर वाढला असता. त्यांचे स्वतःचे डझन कमी झाले, एवढंच. पण बाजारातून जाताना भाजीवाला "नमस्कार मॅडम" म्हणायचा, आणि ताराबाई मान किंचित हलवून पुढे जायच्या. ते मान हलवणं त्यांनी घरी आरशापुढे करून पाहिलं होतं, असं छबुबाई म्हणायची. तिचं काही खरं नाही, पण हे मात्र खरं असावं.

वरच्या बायकांत उज्ज्वला सगळ्यांत लहान. गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. नवरा भागवत ट्रॅक्टर चालवायचा, पदरात एक चिमुरडी पोर. ताराबाईंनी इतक्या जणींना शिकवलं, पण हिच्यासारखा हात त्यांनी पाहिला नव्हता. डाव्या हाताने कापड ती असं काही पुढे सरकवायची, की टाका वाकडा पडायला जागाच नसायची. ताराबाईंना तिचं भारी कौतुक. डब्यातली भाजी तिला दिल्याशिवाय त्या जेवत नसत.

कापड कापायचं काम सोमनाथ नावाचा एक माणूस करायचा. कापडाचे थरावर थर टेबलावर अंथरायचे आणि विजेवर चालणारं उभं पातं त्यातून फिरवायचं, असं ते काम. उजव्या हातात मशीन, डाव्या हाताने थर दाबून धरायचा. त्या डाव्या हातात सोमनाथ लोखंडी जाळीचा मोजा घालायचा. मोजा त्याचा स्वतःचा होता, त्याच्या पैशांनी आणलेला. दिवाळीच्या आधी, ऐन घाईच्या दिवसांत त्याला पुण्याला काम मिळालं. तो गेला आणि जाताना मोजा घेऊन गेला. त्यात त्याची चूक नव्हती. तिथे ज्याची सुई त्याची, कात्री त्याची, तसा मोजाही त्याचा.

"कटिंग उज्ज्वला करंल," अप्पा म्हणाले. "हात चांगला हाय तिचा."

"करंल की," ताराबाई म्हणाल्या. "पर आधी मोजा आणा, अप्पा."

"लातूरला सांगितलाय. आलाच म्हण."

मोजा काही आला नाही. ताराबाईंनी पुन्हा एकदा विचारलं. तेव्हा अप्पा सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "मॅडम झाल्यापासनं लई बोलायलीस की गं!" बायका हसल्या, ताराबाईही हसल्या. आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला हसू झालेलं सोसत नाही, जमिनीवर बसलेल्याला ते रोजचंच असतं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी टेबलावर लाल कापडाचा थर होता. म्हणून काय झालं ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. उज्ज्वलालाही कळलं नाही. दुपारची वीज कमी-जास्त होत होती, पातं मधेच अडकून एकदम पुढे सरकलं, आणि तिने नुसतं "मावशे" म्हटलं. ताराबाई उठून टेबलापाशी गेल्या, तिचा हात धरला आणि मग त्यांना दिसलं.

अप्पांनी स्वतःच्या गाडीत घालून तिला बीडच्या दवाखान्यात नेलं. खर्च त्यांनी केला. बाहेरच्या बाकावर बसून ते लहान पोरासारखे रडले, हे भागवतने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण बोटं जुळली नाहीत. गावात अप्पांचं नाव झालं. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणू लागले. ज्या हाताने कापड सरकवायचं तो हात आता कापड धरू शकत नव्हता, याबद्दल काय म्हणायचं ते लोकांना सुचलं नाही.

भागवतला त्याच्या कुणा मित्राने सांगितलं, की कामावर हात गेला तर मालकाकडून भरपाई मिळते, तसा कायदा आहे. त्याने बीडला जाऊन अर्ज दिला. आणि चौकशीला पुन्हा तेच साहेब येणार, असं ठरलं.

अप्पांनी ताराबाईंना दुकानात बोलावलं. चांगल्या कपात चहा दिला.

"साहेब इचारतील," ते म्हणाले. "पोरगी शिकायली व्हती, येवढंच सांगायचं. शिकणाऱ्याला भरपाई बसत न्हाई. कामाला व्हती असं निघालं तर मग वरच्या समद्याच कामाला व्हत्या असं निघतंय. मंग कुलूपच."

"पर अप्पा, तिचा हात गेलाय."

"मी टाकलंय का तिला? दवाखाना केला, अजून बी करीन. तिला वर बसवीन, धागे कापील. पर लिहून घेतलं की मी संपलो." ते थोडं थांबले. "आन तू बी. क्लास म्हणलं की मॅडमचं नाव येतंय. फ्लेक्सवर फोटो तुझा. साहेब म्हणंल, तिच्या हातात मशीन कुणी दिली?"

यात धमकी नव्हती. कापडाचा भाव सांगावा इतक्या सहज ते बोलले. पण ताराबाईंनी चहा तसाच ठेवला आणि त्या उठल्या.

बंकटराव त्या दिवसांत मेंढरं घेऊन जवळच एका शेतात उतरले होते. खतासाठी शेतकऱ्याने मेंढरं बसवून घेतली होती. ताराबाई चालत तिथे गेल्या आणि बांधावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. अप्पांचं, मोज्याचं, भरपाईचं. बंकटराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"मंग जाऊन खरं सांग की," ते म्हणाले.

"येवढं सोपं हाय का? मला आत टाकलं तर?"

"तर मी मेंढरं घिऊन तुरुंगाच्या दाराम्होरं बसन. तिथं बी खत हुईल."

ताराबाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. परत येताना त्यांनी मनाशी ठरवलं, उद्या बीडला जायचं आणि साहेबांना गाठायचं. उद्याचं परवा झालं. परवा घरात पाहुणे आले. मग गाडीला गर्दी होती. न जाण्याला कारणं लागतात आणि ती हवी तितकी मिळतात. छबुबाईनेही एक दिलं. जिन्यात त्यांचा हात धरून ती म्हणाली, "मॅडम, तुमी बोलल्या तर समद्यांच्या चुली इझतील. माझा मालक अंथरुणाला खिळलाय, तुमाला ठावं हाय." त्या वेळी तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. ताराबाईंना वाटलं, गप्प राहण्यात आपण तीस घरं सांभाळतोय. हा विचार त्यांना बरा वाटला. मधून मधून त्या उज्ज्वलाकडे जायच्या, भाजी न्यायच्या, तिच्या पोरीला मांडीवर घ्यायच्या. भरपाईचा विषय निघाला की पोरीच्या केसांत तेल घालत बसायच्या.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी त्यांनी घट्ट मन केलं. आज सांगायचंच. त्यांनी चांगली साडी नेसली. पण वस्तीवर जाऊन उज्ज्वलाजवळ थांबावं, की दुकानापाशी? साहेब आधी दुकानातच येतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिथे थांबणं सोपं होतं. वस्तीवर उज्ज्वलाच्या तोंडाकडे बघत थांबावं लागलं असतं. म्हणून त्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या, ऊन वर आलं तशा सावलीला सरकल्या. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. शेवटी पानटपरीवाल्याने सांगितलं, "साहेबाची गाडी तर मघाशीच वस्तीवर गेलीय की, मॅडम."

त्या पदर खोचून निघाल्या. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, त्यातून वाट काढत वस्तीवर पोहोचल्या तर गाडी येऊन गेली होती. उज्ज्वला दारातच बसली होती. भागवत कामावर गेलेला. इतक्या दिवसांत ताराबाईंनी तिचा चेहरा इतका हलका पाहिला नव्हता.

"या मावशे, बसा. आता काई काळजी करू नका. म्या समदं निस्तरलं."

"काय निस्तरलंस?"

"साहेबाला सांगितलं, मी शिकायले व्हते. मावशी नको नको म्हणत व्हत्या, म्याच आगाऊपणा केला, मशीनला हात लावला. त्येंनी लिहून घेतलं, म्या सही केली."

 ताराबाई उंबऱ्यावर बसल्या. "असं बोलायला कुणी सांगितलं तुला?"

"अप्पा आलते काल. फळं घिऊन आलते. म्हणले, कामाला व्हते असं बोललीस तर तुझ्या मॅडमला पोलीस नेतील, हातात मशीन तिनं दिली म्हणून. मावशे, माझ्या आईनं बी मला येवढं जवळ बसवून काई शिकवलं न्हाई. तुमाला कशी नेऊ देईन?" आणि ती हसली. "बरुबर केलं ना?"

ताराबाईंना काय वाटलं ते सांगायला मोठे शब्द नकोत. त्यांना लाज वाटली. इतकी, की त्या पोरीच्या तोंडाकडे बघवेना.

"चूक केलीस," त्या म्हणाल्या. "आन ती माझी चूक हाय. ऊठ. चल माझ्यासंगं."

पोरीला शेजारणीकडे ठेवून दोघी निघाल्या. साहेबांची गाडी अप्पांच्या दुकानासमोर उभी होती. साहेब गादीच्या कडेला बसून चहा पीत होते. ताराबाईंना पाहून अप्पांनी तोंडभर हसून म्हटलं, "या, या मॅडम."

"अप्पा, मी मॅडम न्हाई," ताराबाई म्हणाल्या.  "साहेब, वर क्लास न्हाई. वर परकर शिवतेत. मी कामाला हाय, ही पोरगी कामाला व्हती, समद्या कामाला हायेत. म्या तुमाला उन्हाळ्यात खोटं सांगितलं. हिला मोज्याबिगर कटिंगला बसवलं, आन ते मला दिसत व्हतं. ही आता जे बोलली ते माझ्यापायी बोलली. ते खोडा."

दुकानात गिऱ्हाईक होतं, ते थबकलं.  अप्पांचा चेहरा रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते ताराबाईंना जास्त जड गेलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, आणि मग सावरून म्हणाले, "बाई, उन्हाळ्यात तुम्ही मला समोर बसून एक सांगितलंत, आज दुसरं सांगताय. या मुलीने तर तासाभरापूर्वी स्वतः सांगून सही केलीय. मी कुणाचं धरू?"

"माझं धरा."

"तुमचं म्हणणं लिहून घेतो. पण एकट्या तुमच्या सांगण्यावर हे टिकायचं नाही. वरच्या बायका असं सांगतील का?"

ताराबाईंनी जिन्याकडे पाहिलं. वरच्या मशीनी बंद पडल्या होत्या, म्हणजे सगळ्या ऐकत होत्या.  कुणी खाली आलं नाही. जराशाने एक मशीन सुरू झाली, मग दुसरी, मग सगळ्या. ताराबाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांनी साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. त्याचं पुढे काय होईल ते साहेबांनाही सांगता येईना. "वेळ लागेल, बघू," एवढं म्हणून ते गाडीत बसले.

दोघी बाहेर रस्त्यावर आल्या.  बँडेजचा हात उज्ज्वलाने दुसऱ्या हाताने छातीशी धरला होता.

"मावशे," ती म्हणाली, "कामाला व्हते असं म्हणले असते तर मला भरपाई मिळाली असती?"

"व्हय."

"हे तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"कवापासनं?"

"अप्पांनी मला दुकानात बोलवून सांगितलं, तवापासनं."

उज्ज्वला त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. एखादी गोष्ट नीट समजत नाही म्हणून विचारावं, तसं तिने विचारलं, "मंग तुमी आधी कावून बोलल्या न्हाई?"

ताराबाईंजवळ उत्तरं होती. शांताक्कांचे उपकार होते. छबुबाईचा अंथरुणावरचा नवरा होता. पोलिसांची भीती होती. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि कुठलंही सांगितलं असतं तर उज्ज्वलाने मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं, आणि आज त्या तोंडाने आणखी खोटं निघेना.

"समदे मला मॅडम म्हणत व्हते गं," त्या म्हणाल्या. "ते सोडवंना मला."

उज्ज्वलाने ते ऐकलं.  मग तिने हात पदराखाली घेतला, आणि उसाचा एक ट्रॅक्टर जाऊ देऊन ती एकटीच वस्तीच्या रस्त्याला लागली.